गिअर डोंगराचा, टोल एक्सप्रेस-वेचा

गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा असतो. तो असावा म्हणून लोक लाखांनी जास्त पैसे मोजतात आणि मग त्याला देवाची माळ अडकवून ठेवतात. त्या दांड्याखाली जी पेटी असते तिचं नाव ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटायची हे तिचं एक काम. आणि मागाल तेव्हा सगळेच गिअर एकदम खालच्या पट्टीत आणायचे हे दुसरं. हाय म्हणजे रस्ता. लो म्हणजे दगड, चिखल आणि चढ. शास्त्र एवढंच. पण एवढ्याशा शास्त्रावर चहाच्या टपरीपासून क्लबाच्या मीटिंगपर्यंत जी प्रवचनं झडतात, ती ऐकून वाटतं की गाडीपेक्षा पेटीच महाग असणार.

शनिवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावरची रांग बघा. छतावर शिडी, बाजूला फावडं, मागे जेरीकॅन, बॉनेटच्या कडेने वर गेलेली स्नॉर्केलची सोंड. पलीकडे लोणावळा नसून काँगोचं खोरं असावं असा थाट. या ताफ्यातल्या बऱ्याच स्नॉर्केलनी पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी सर्व्हिस सेंटरच्या रॅम्पवरचं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हौसेला मोल नसतं, फक्त ईएमआय असतो. तक्रार टोल भरल्यानंतरची आहे. गाडी शंभरला लागली की हीच मंडळी म्हणतात, "इंजिन फार ओरडतंय, ट्रान्सफरचे गिअर बदलून घ्यावेत म्हणतो." आणि पुढच्याच वाक्यात त्यांना दगडावर चढायला 'आणखी लो' हवा असतो. एकाच पेटीने हायवेला गप्प बसावं आणि डोंगराला जोर लावावा, तेही एकाच बिलात.

जरा गुणाकार करू. जिम्नीवर करू, कारण तिचे आकडे सुटसुटीत आहेत आणि तिचे मालक सगळ्यात जास्त बोलतात. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे जून २०२३ मध्ये आली. मॅन्युअल गाडीचा पहिला गिअर ४.४२५, पाचवा १.०००. डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचं प्रमाण ४.०९. ट्रान्सफर केस हायमध्ये १.०००, लोमध्ये २.००२. हायमध्ये १.००० म्हणजे पेटीत जेवढे फेरे शिरतात तेवढेच बाहेर पडतात. हायवेवर ही पेटी वेगात काहीच बदल करत नाही. जी काही करतच नाही, तिचे दात बदलून आवाज कसा कमी होणार? ओरड आहे ती ४.०९ ची आणि पाचव्या गिअरची. मूळ १९५/८० आर १५ टायरवर ताशी १०० ला हे इंजिन साधारण ३२०० आरपीएमवर असतं. कंपनीने ते तसं ठरवलंय, तुमच्या फिटरने नाही.

गंमत पुढे आहे. याच गाडीच्या चारच गिअरच्या ऑटोमॅटिकला मॅन्युअलवाले 'आजोबांच्या काळातला गिअरबॉक्स' म्हणून हिणवतात. तिचा चौथा गिअर ०.६९७ आहे. क्राऊन-पिनियन ४.३० असूनही ती शंभरला २३५० च्या आसपास फिरते. घाट लागला की तिसऱ्यात उतरते आणि तिथे तीही ओरडते, ते सोडा. पण ज्यांचे शनिवार-रविवार एक्सप्रेस-वेवर जातात, त्यांनी शोरूममध्येच दुसऱ्या चावीकडे बोट दाखवायचं होतं. पण मग क्लबात काय तोंड दाखवणार?

तोंड दाखवायचं म्हणून काय करतात? मोठे टायर घालतात. दोन इंच लिफ्ट, तीस इंची टायर. फोटो झकास येतो. मूळ टायरचा व्यास सत्तावीस इंचांच्या थोडा वर, म्हणजे नवीन टायर दहा टक्क्यांनी मोठा. चाक एका फेऱ्यात दहा टक्के जास्त अंतर कापतं, म्हणून ४.०९ चं क्राऊन-पिनियन आता ३.७२ असल्यासारखं वागतं. शंभरला २९०० आरपीएम. "बघा, टायर बदलले आणि इंजिन शांत झालं!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी फक्त मान हलवतो.

मग पुण्याहून साताऱ्याकडे निघतात आणि खंबाटकीचा घाट लागतो. १०५ हॉर्सपॉवरचं दीड लिटरचं इंजिन, छतावर शिडी, मागे जेरीकॅन, खाली जड टायर. पाचवा गिअर ओढत नाही. चौथा टाकावा लागतो. चौथा आहे १.१९. आता ३.७२ गुणिले १.१९ करा. ४.४३ येतात. म्हणजे मूळ टायरवर पाचव्यात होती त्यापेक्षाही गाडी खालच्या प्रमाणात गेली. त्याच शंभरला इंजिन ३४५० च्या जवळ. शांततेसाठी टायर घातले आणि घाटात आधीपेक्षा मोठ्याने ओरडायला लागलं. वर डोंगरातलाही दम गेला. मूळ गाडीचं लोमधल्या पहिल्या गिअरचं एकूण प्रमाण ३६ होतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३६ फेरे. ते आता ३३ असल्यासारखं झालं. हायवे गेला, डोंगरही गेला, राहिला फोटो. शिवाय स्पीडोमीटर शंभर म्हणतो तेव्हा गाडी एकशे दहाकडे सरकलेली असते. (कंपनीचा काटा मुळात थोडा बढाईखोर असतो, म्हणून सगळा फरक पदरात पडत नाही. पण एक्सप्रेस-वेवरचे कॅमेरे काटा बघून चलन फाडत नाहीत.)

इथे गॅरेजवाल्याचा प्रवेश होतो. "साहेब, ट्रान्सफरमध्ये लो सेट टाकू, पिकअप येईल." पिकअप येईल, पण दांडा लोमध्ये टाकल्यावर. लो सेटने जिम्नीसारख्या पेटीतला हाय जसाच्या तसा राहतो. घाटात तुम्ही हायमध्ये आहात, तिथे त्या सेटचा काडीचा उपयोग नाही. मोठ्या टायरवरचा खरा उतारा क्राऊन-पिनियन. दहा टक्के मोठा टायर, तर दहा टक्के खालचं प्रमाण. ४.०९ च्या जागी साडेचारच्या आसपास. त्याने सगळे गिअर, हाय-लो दोन्ही, एकदम जाग्यावर येतात. आणि तेही दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकाच वेळी, एकाच प्रमाणाचं. मागचं आज करू, पुढचं दिवाळीनंतर, असा विचार करणारेही मला भेटलेत. असल्या गाडीचा दांडा फोर-व्हीलमध्ये टाकला की पुढची चाकं एक वेग मागतात, मागची दुसरा. मध्ये जे अडकलेलं असतं ते तुटतं.

आता जिप्सी. तिथे प्रकरण वेगळं आहे, आणि तिच्या मालकांना हे इतकं पक्कं माहीत असतं की ते इतरांना बोलूच देत नाहीत. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद झाली. सुझुकीच्या एसजे मालिकेतली ही लांब बहीण. अमेरिकेत याच कुळातली गाडी सामुराई नावाने विकली गेली आणि तिथल्या दगडखोरांनी तिच्यावर हवे ते प्रयोग केले. हिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मधे एक आखूड शाफ्ट असतो आणि पेटी स्वतंत्र टांगलेली. सामुराईच्या पेटीत हायसुद्धा सरळ नाही. हाय १.४०९, लो २.२६८. सपाट रस्त्यावरही ताकद दातांतूनच जाते. जिप्सीत शेजाऱ्याशी बोलायला घसा का लागतो, याचं एक कारण हे.

या पेटीसाठी ४.१६ चा सेट मिळतो. लो एकदम ८३ टक्क्यांनी खाली जातो, आणि हायही साधारण १२ टक्क्यांनी. ऐकायला तोटा वाटतो. पण सामुराईच्या मूळ २०५/७० आर १५ टायरच्या जागी तीस इंची टायर घातला तर तो १४ टक्क्यांनी मोठा असतो. १४ टक्के वर गेलं, १२ टक्के खाली आलं. हायवेवर गाडी जवळपास कंपनीच्या मापात, आणि दगडात दीडपटीहून जास्त जोर. क्राऊन-पिनियनला हातही न लावता. लो सेट घालून हायवेचाही हिशेब जुळतो अशी ही दुर्मीळ गाडी. म्हणूनच तिचे मालक सगळ्यांना तोच उपदेश करतात. त्यांच्याकडे खरा असलेला उपदेश जिम्नीवाल्याला लागू नाही, एवढं एक वाक्य कुणी त्यांच्या क्लबाच्या भिंतीवर लिहायला हवं.

आणि त्यांच्यातही हावरे आहेतच. ६.५ चाही सेट मिळतो. त्यात हाय २८ टक्क्यांनी खाली जातो. पूर्वी जिथे इंजिन तीन हजारांवर होतं तिथे ते आता ३८४० वर. तेवढा फरक पोटात घेईल एवढा टायर जिप्सीखाली बसवायचा तर पत्रा कापावा लागतो. असली गाडी पुण्याहून चालवत कुठे नेणारा माणूस एक तर बहिरा असतो, नाहीतर एकटा.

पेटी कशी निवडावी हे पाहायचं तर लँड रोव्हरचा एलटी-२३० बघा. एकच पेटी, वर्षानुवर्षं, कितीतरी गाड्यांत. लो सगळीकडे साधारण ३.३२. पण हाय मात्र गाडी बघून. टीडीआय इंजिनाच्या डिफेंडरला १.४१०, त्याच काळातल्या डिस्कव्हरीला १.२२२, रेंज रोव्हरच्या काही गाड्यांना १.००३ पर्यंत. कारण उघड आहे. डिफेंडर शेतावर आणि सैन्यात, डिस्कव्हरी मुलांना शाळेत सोडायला. डोंगर दोघींना सारखाच, रस्ता मात्र वेगळा. म्हणून ज्या डिफेंडरवाल्यांचा दिवस मोटरवेवर जातो ते जुन्या डिस्कव्हरीची १.२२२ ची पेटी काढून आपल्या गाडीत बसवतात. जिथे तीन हजार होते तिथे सव्वीसशे. लोला धक्काही नाही. 'ट्रान्सफरचे गिअर बदला, हायवे सुधारेल' हे वाक्य जिथे शंभर टक्के खरं आहे अशी जागा हीच.

तिथेही शहाणे कमी पडत नाहीत. एकशे दहाच्या आसपास हॉर्सपॉवरचं इंजिन, त्यावर १.२२२, त्यावर मोठे टायर, छतावर तंबू. चढ आला की पाचव्यातून चौथ्यात, आणि पुन्हा आपलं खंबाटकीचंच गणित. म्हणजे हे दुखणं आपल्या मातीतलं नाही. माणसाच्या जातीचंच आहे.

खरं तर प्रश्न हायचा नाही, लोचाही नाही. प्रश्न दोन टोकांमधल्या अंतराचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला क्राऊन-पिनियन ४.८८ चं होतं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली तेव्हा नांगर ओढता यावा म्हणून ते ५.३८ केलं. नांगर ओढला, पण वरच्या गिअरचं प्रमाण एकास एकच. ताशी ८० ला तीन हजारांच्या वर. मग अमेरिकेत लोकांनी युक्ती काढली. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला शेतीची यंत्रं जोडायची सोय होती. तिथून वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह आत सरकवला आणि इंजिनाचे फेरे चौथाईने उतरवले. खालचं टोक तसंच, वरचं टोक लांबवलं. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जीपा याच घराण्यातल्या. आपल्याकडे मात्र ओव्हरड्राइव्हपेक्षा मागे आणखी चार माणसं बसवायची युक्ती जास्त चालली.

आज हेच काम गिअरबॉक्स करतो. रँग्लर रुबिकॉन घ्या. आपल्याकडे विकली जाणारी रँग्लर २०२१ पासून रांजणगावात जोडली जाते. रुबिकॉनचा लो ४.०, अगदी २००३ सालापासून. क्राऊन-पिनियन ४.१०. ऑटोमॅटिकचा पहिला ४.७१, म्हणजे एकूण ७७. आणि आठवा गिअर ०.६७, म्हणजे हायवेवर एकूण २.७५. खालच्या आणि वरच्या टोकात अठ्ठावीस पट अंतर. मॅन्युअल जिम्नीत ते नऊ पटसुद्धा भरत नाही. रुबिकॉनवाला दगडावरही सुखी आणि समृद्धी महामार्गावरही सुखी दिसतो त्याचं कारण त्याचा ४.० लो नाही, त्याचे आठ गिअर आहेत. (बँक खातं हे दुसरं कारण, पण ते ट्रान्सफर केसच्या विषयाबाहेर.) ट्रान्सफरचा लो फक्त खालचं टोक लांबवतो. वरचं टोक लांबवायला वरचाच गिअर लागतो, आणि तो गॅरेजच्या टपरीवर मिळत नाही.

बरं, खालचं टोक तरी किती खाली हवं? जिम्नी लोच्या पहिल्यात हजार आरपीएमला ताशी साडेतीन किलोमीटरने चालते. बायको पायी चालत पुढे जाऊन फोटो काढू शकेल इतकी हळू. अमेरिकेतल्या कोरड्या खडकांवर चाक इंचाइंचाने टेकवायचं असतं, तिथे याहून निम्मा वेग लागतो आणि चार-एकचा लो शोभतो. आपल्याकडची बहुतेक हौस जूनमध्ये सुरू होते आणि सप्टेंबरात संपते, तीही लाल चिखलात. चिखलात चाकाने फिरून टायरच्या खाचांतली माती झटकायची असते. तिथे फार खालचा लो टाकून पहिल्यात बसलात तर चाक रुबाबात, सावकाश, त्याच जागी खड्डा खणतं. मग लोचा चौथा टाकावा लागतो. तो मूळ गाडीत लोच्या दुसऱ्याच्या जवळपास होताच. राजमाचीच्या वाटेवर उतरताना ब्रेक न दाबता इंजिनावर गाडी धरता येते, हा खालच्या लोचा खरा फायदा. तो मी मान्य करतो. पण वर्षातून दोनदा राजमाची आणि महिन्यातून आठदा एक्सप्रेस-वे असा ज्यांचा हिशेब आहे, त्यांनी त्या दोन उतारांसाठी पेटी उघडू नये. पहिला गिअर आणि थोडा धीर पुरतो.

जोर वाढला की तो कुठेतरी जातो, हेही कुणी सांगत नाही. जिम्नीच्या इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर. ३६ ने गुणला की चाकांपाशी कागदावर ४८०० च्या वर. लो दुप्पट केलात की साडेनऊ हजारांच्या पुढे. इंजिन तेच, पण हाफ शाफ्ट आणि पुढच्या चाकांचे जॉइंट मूळ हिशेबाचे. वर टायर मोठा, म्हणजे चाक अडकलं की ते सहज घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्टला बसतो. जंगलात तुटलेली प्रत्येक गाडी बघायला गेलात तर मालक एकच सांगतो: "पार्ट कंपनीचाच होता हो!" होय, कंपनीचाच होता. हिशेब तुमचा होता.

कायद्याचंही बघा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात मालकाने केलेल्या अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' या शब्दावर थांबून छतापासून टायरपर्यंत एकदा नजर फिरवा. पेटीतले दात पोलिसाला दिसत नाहीत, हे खरं. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला गाडी खोलायला भरपूर वेळ असतो, हेही खरं.

तर निकाल. जिम्नीवाल्यांनी ट्रान्सफर केसला हात लावू नये, टायर मूळ मापाजवळ ठेवावा आणि शंभरला ३२०० आरपीएम ही आपल्या गाडीची तब्येत समजून गाणी थोडी मोठ्याने लावावीत. जिप्सीवाल्यांनी तीस इंची टायर खरोखर वापरायचा असेल तरच ४.१६ कडे बघावं. ६.५ घेणाऱ्याने सोबत ट्रेलरही घ्यावा. डिफेंडरवाल्यांनी १.२२२ खुशाल बसवावा, पण तंबू उतरवून. आणि थारवाल्यांनी चर्चेत पडण्याआधी आपल्या गाडीत तो आखूड दांडा आहे का ते पाहावं. जानेवारी २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, आणि तिच्यात ट्रान्सफर केस नसते.